स्विफ्टचा मागचा अॅक्सल बीम सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलता येईल का?

मानपाडा_नाका

गाडी २०१३ ची स्विफ्ट, पेट्रोल, एबीएसवाली. मागचं डावं टायर आतल्या कडेने झिजून गेलंय. अलाइनमेंटच्या कागदावर डावा कॅम्बर (चाकाचा उभा तिरकेपणा) उणे २ अंश १० मिनिटं, उजवा उणे ५५ मिनिटं, टोसुद्धा (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) डावीकडेच बिघडलेला. मागे सेटिंग नसतं, बीमच (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा लोखंडी सांगाडा) बदलावा लागेल असं उत्तर मिळालं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना बीम मिळतोय.

माझ्याकडे २ टनी ट्रॉली जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), अर्धा इंची सॉकेट सेट आणि ८ ते १९ चे रिंग पाने आहेत. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. शनिवार-रविवारात होईल का? नेमकं कुठे अडकतं? आणि जुना बीम घेताना काय पाहायचं?

कोपरखैरणेकर

बीमचे पैसे देण्याआधी स्पिंडल तपासा. चाक ज्या दांड्यावर फिरतं तो या गाडीत बीमला चार बोल्टनी लावलेला सुटा भाग आहे. एकाच चाकाचा कॅम्बर आणि टो दोन्ही बिघडलेत, तेव्हा वाकलेला स्पिंडल हा पहिला संशयित. तो बीमपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो आणि तासाभरात बदलतो.

घरच्या घरी ओळखायचं तर पुढची चाकं सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या (चाकाचा मधला भाग) मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावा. या स्विफ्टचा व्हीलबेस २४३० मिमी. डाव्या-उजव्यात पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर बीम वाकलाय, नाहीतर बॉडीचा ब्रॅकेट सरकलाय. दोन्हीकडे माप सारखं आणि फक्त चाक तिरकं असेल तर आधी ड्रम काढून स्पिंडल पाहा. ब्रॅकेटच सरकला असेल तर नवा बीमही तिरकाच बसेल, तेव्हा त्या ठिकाणचा रंग तडकलाय का, पत्रा चुरगळलाय का हे टॉर्च घेऊन बघून ठेवा.

जुना बीम सपाट फरशीवर ठेवून बघा, डुलता कामा नये. मग डाव्या बुशच्या (बीम बॉडीला जिथे जोडतो तिथला रबरी जोड) डोळ्यापासून उजव्या स्पिंडलच्या बैठकीपर्यंत आणि उलट, असे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले पाहिजेत. आडवी पट्टी बाजूच्या हातांना जिथे वेल्ड केलीय तिथे केसासारख्या चिरा असतात, वरून ताजा काळा रंग मारला असेल तर तिथलाच खरवडून पाहा. एबीएसच्या वायरची आणि ब्रेक पाइपची कानं तुमच्या बीमसारखीच हवीत, म्हणून मोबाइलवर आपल्या बीमचे फोटो घेऊन जा. बुश मात्र नवेच. वागळे इस्टेटमध्ये प्रेसवर काढून बसवून मिळतात. जुन्या बुशच्या पोकळीची दिशा बीमवर खुणेने आखून द्या, आडवातिडवा बसलेला बुश लवकर फाटतो.

गंजका_बोल्ट

बीमच निघाला असं धरून लिहितो. दोन दिवस पुरतील, पण काम गुरुवारी सुरू करा. गुरुवारी आणि शुक्रवारी रात्री दोन्ही बुशचे बोल्ट, शॉकचे खालचे बोल्ट आणि ब्रेक पाइपचे नट यांवर गंज सोडवणारं तेल मारा. खाडीच्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हेच पाच-सहा जोड धरतात, बाकी काम हमालीचं.

पेव्हर ब्लॉकवर घोडी थेट ठेवू नका. ब्लॉक एका कडेने खचतो आणि घोडी तिरकी होते. खाली १८ मिमी प्लायचे दीड-दोन फुटी तुकडे टाका. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, गाडी पहिल्या गियरमध्ये.

चाकं जमिनीवर असतानाच हँडब्रेक ओढून मधलं टोपण काढा आणि हब नट सैल करा. नटाची कड दांड्याच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती छिन्नीने आधी उचला, नाहीतर आटे जातील. लांब दांडा आणि त्यावर पाइप लागेल. हा नट परत वापरायचा नाही, नवे दोन आणून ठेवा. चाकांचे १९ चे नटही आत्ताच ढिले करा. घोड्या बॉडीच्या जॅक पॉइंटखाली लावा, बीमखाली नाही (बीमच तर खाली यायचाय). मग हँडब्रेक सोडा.

चाक आणि ड्रम काढले की एबीएस सेन्सरचा १० चा बोल्ट काढून सेन्सर मोकळा करा. तो अडकला तर वायरीला धरून ओढू नका, तेल मारून हळूहळू फिरवा. हँडब्रेकची केबल बॅकप्लेटमधून (ड्रममागची पत्र्याची थाळी) काढताना तिची चिमट्यासारखी बोटं दाबावी लागतात. त्यावर १२ चा रिंग पाना सरकवला की बोटं आपोआप दबतात. ब्रेक पाइपच्या नटाला साधा फिक्स पाना लावलात तर तो गोल होणार, त्यामुळे १० चा फ्लेअर पाना (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा) विकत घ्याच. उघडी टोकं रबरी टोपणांनी लगेच बंद करा.

आता जॅक बीमच्या मध्याखाली, लाकडाची फळी घालून. शॉकचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक सावकाश उतरवा. पूर्ण खाली आल्यावर स्प्रिंग हाताने निघते, स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर लागत नाही. वरचे-खालचे रबर आणि स्प्रिंगची बाजू खुणेने वेगळी ठेवा. शेवटी बुशचे दोन बोल्ट. बीम दोघांनी धरायचा.

अडकतं ते इथेच. बोल्टचे आटे सुटतात, पण मधला गुळगुळीत भाग बुशच्या लोखंडी नळीला गंजून चिकटलेला असतो. डोकं फिरतं, बुश पिळतो आणि बोल्ट बाहेर येत नाही. जोर लावत राहिलात तर बॉडीतला वेल्ड केलेला नट सुटून फिरायला लागतो, आणि मग पत्रा कापण्याशिवाय इलाज नाही. अर्धा वळसा सोडा, पाव वळसा आवळा, तेल, पुन्हा तेच. नाहीच आला तर बुश आणि ब्रॅकेटच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट कापा. बुश तसाही जाणारच आहे. गॅसने तापवायचा विचार सोडून द्या, पेट्रोलची टाकी तिथून हातभर अंतरावर आहे. दोन्ही बोल्ट नवे घ्या.

मानपाडा_नाका

स्पिंडल आधी बघतो. एक शंका: बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे असतात असं वाचलं. पण तेव्हा खाली पाना फिरवायला जागाच राहत नाही. आणि घोडीवर असताना जॅकने बीम उचलला तर गाडीच घोडीवरून उठते.

कोपरखैरणेकर

बरोबर, उठतेच, कारण मागचा भाग हलका आणि स्प्रिंग कडक. म्हणून स्प्रिंग घालण्याआधीच आवळा. काम सुरू करण्यापूर्वी, गाडी चाकांवर असताना, हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप दोन्हीकडे लिहून घ्या. नवा बीम बोल्टांवर हाताने अडकवा, स्प्रिंग न घालता जॅकने तेवढ्याच मापाला उचला आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळायचा ठरलेला जोर) आवळा. मग खाली सोडून स्प्रिंग आणि शॉक. बीम लोंबकळत असताना आवळलात तर गाडी खाली उतरल्यावर बुश कायम पिळलेला राहतो. रबर काही महिन्यांत फाटतं, मागचा भाग थोडा उंच दिसतो तो वेगळाच.

खाडीकाठ

ब्रेकचं राहिलंय. पाइप सोडल्यापासून जोडेपर्यंत रिझर्व्हॉयर (ब्रेक ऑइलचा डबा) रिकामा होऊ देऊ नका. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट बसवला की गळती बरीच कमी होते. तळ दिसला तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरू शकते आणि मग कधीकधी स्कॅनर लावल्याशिवाय पेडल कडक होत नाही. झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं ब्रेक ऑइल, अर्ध्या लिटरची नवी सीलबंद बाटली. उघडून ठेवलेली जुनी नको, आपल्याकडच्या दमट हवेत ते पाणी ओढून घेतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हवा काढायच्या आधी लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) जुळवून घ्या, ड्रम हाताने फिरताना किंचित घासला पाहिजे. मग मागचं डावं, मग मागचं उजवं. निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा असताना पेडल सोडायचं नाही, आधी निपल बंद. ड्रमच्या आतल्या बाजूची एबीएसची रिंग ठोकू नका आणि तिच्याजवळ चुंबकी ट्रे ठेवू नका. हब नट आवळल्यावर कड खाचेत ठोका. चाकाचे नट ८५ न्यूटन-मीटर.

हे वाचून कोणी एबीएस नसलेल्या जुन्या गाडीवर हात घालणार असेल तर बीमला जोडलेली एक छोटी दांडी किंवा स्प्रिंग आहे का बघा. मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार बदलणारा व्हॉल्व्ह त्याने चालतो. तिचा बोल्ट कुठे होता त्याची खूण केल्याशिवाय सोडू नका.

पहिली चाचणी सोसायटीच्या आवारातच, चालण्याच्या वेगाने. पेडल आणि हँडब्रेक दोन्ही धरतायत याची खात्री झाली की सरळ अलाइनमेंटला जा आणि मागच्या चाकांचे आकडे छापून मागा. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्कला तपासा, बुशचे तपासताना गाडी चाकांवर हवी. त्यासाठी मागची दोन्ही चाकं जाड फळ्यांवर चढवलीत तर पाना फिरवण्याइतकी जागा मिळते.