चर्चा: पुढच्या क्ष-किरण दुर्बिणीला दूरचीच कक्षा हवी

निरभ्र (धागाकर्ता):
क्ष-किरण दुर्बिणीचं यान आखताना आधी कक्षा ठरवावी, मग बाकीचं, आणि ती कक्षा दूरचीच असावी असं माझं ठाम मत आहे. साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवरचं यान सुमारे ९६ मिनिटांत एक फेरी मारतं आणि बहुतेक लक्ष्यं प्रत्येक फेरीत बराच वेळ पृथ्वीआड जातात. १९९९ मध्ये सोडलेल्या 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीची लंबवर्तुळाकार फेरी जवळपास ६४ तासांची आहे. त्यात सलग ५५ तासांपर्यंत एकाच जागी नजर ठेवता येते. जीएसएन ०६९ या दीर्घिकेच्या केंद्रातून साधारण दर नऊ तासांनी उठणारे क्ष-किरणांचे भडके दूरच्या कक्षेतल्या 'एक्सएमएम-न्यूटन' या दुर्बिणीनं टिपले. तुटक नोंदींतून ती लय शोधणं किती अवघड गेलं असतं!

चौकस:
वेळ मिळतो, पण तो निर्मळ मिळतो का? क्ष-किरण आरशाला अगदी घसटून गेले तरच वळतात, म्हणून हे आरसे नळकांड्यांसारखे एकात एक बसवतात. कमी ऊर्जेचे प्रोटॉनही त्याच वाटेनं घसटत डिटेक्टरवर पोचतात. 'चंद्रा'च्या कॅमेऱ्यातल्या सीसीडींना, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या चिपांना, उड्डाणानंतर लवकरच अशी इजा झाली. तेव्हापासून पृथ्वीभोवतीच्या विकिरण पट्ट्यांतून (वेगवान भारित कणांच्या पट्ट्यांतून) जाताना तो कॅमेरा नाभीवरून बाजूला सरकवतात. 'एक्सएमएम-न्यूटन'च्या नोंदींतूनही प्रोटॉनच्या उसळ्यांचा वेळ कापून टाकावा लागतो. खाली पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र संरक्षण देतं. दीर्घिकासमूहांच्या कडेचा अतिविरळ वायू खालच्या कक्षेतल्या 'सुझाकू' दुर्बिणीला मोजता आला तो तिथल्या शांत पार्श्वभूमीमुळे. शिवाय 'ॲस्ट्रोसॅट' या भारतीय दुर्बिणीसारखी विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांची कक्षा घेतली, की दक्षिण अटलांटिकवर, जिथे विकिरण पट्टा खाली झुकतो, तिथल्या कणांचा त्रासही कमी होतो.

निरभ्र:
'सुझाकू'ची प्रतिमा जवळपास २ आर्कमिनिटं (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा) पसरायची, 'चंद्रा'ची अर्ध्या आर्कसेकंदाच्या आसपास. गर्दीतले स्रोत वेगळे दिसलेच नाहीत, तर शांत पार्श्वभूमी घेऊन काय करायचं?

चौकस:
हा आरशांचा प्रश्न आहे, कक्षेचा नव्हे. 'सुझाकू'चे आरसे पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे होते, 'चंद्रा'चे जाड काचेचे. आणि जड आरसे वर न्यायचे असतील तर खालचीच कक्षा बरी, कारण तेच रॉकेट तिथे कितीतरी जास्त वजन नेतं.

निरभ्र:
वर नेलेत, पण तिथे ते स्थिर कसे ठेवाल? खाली दिवसातून पंधरा वेळा ऊन-सावली होते. 'नूस्टार' दुर्बिणीचा आरसे आणि डिटेक्टर जोडणारा १० मीटरचा दांडा त्या तापमानबदलानं हलतो. किती हलला हे लेसरनं सतत मोजून प्रतिमा दुरुस्त करावी लागते. अर्ध्या आर्कसेकंदाच्या दुर्बिणीत ही कसरत मला परवडणारी वाटत नाही.

यंत्रवेडा:
संपर्काचं कोणी बोलत नाही. २०१६ मध्ये खालच्या कक्षेतली 'हितोमी' ही क्ष-किरण दुर्बीण वाहणारं यान स्थिर असताना त्याच्या संगणकाला ते फिरतंय असं वाटलं. ते थांबवण्याच्या प्रयत्नात यान खरोखर फिरू लागलं, नंतर चुकीच्या आकड्यांवर चाललेल्या थ्रस्टरनी (यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनांनी) तो वेग आणखी वाढवला आणि सौरपंख तुटले. खालच्या कक्षेत भूकेंद्राशी काही मिनिटांचाच संपर्क मिळतो. दूरच्या कक्षेत तास न् तास मिळतो, निदान बिघाड वेळेत दिसण्याची शक्यता तरी वाढते. माझं मत निरभ्रंना.

चौकस:
त्यासाठी दळणवळणाचे उपग्रह आहेत. 'स्विफ्ट' दुर्बिणीचं यान खालूनच त्यांच्यामार्फत गॅमा-किरण स्फोटांची सूचना काही सेकंदांत जमिनीवर पाठवतं. आणि 'हितोमी'ला चुकीचे आकडे जमिनीवरूनच गेले होते. ते तपासून पाठवायला कुठली कक्षा आड येत होती?