मोडी शिकवणाऱ्या सरांच्या वह्या : रिकाम्या जागा भराव्यात का?

प्रश्न
सप्रेम नमस्कार. दादरला दर रविवारी आम्हांला विनाशुल्क मोडी शिकवणारे आमचे सर गेल्या महिन्यात गेले. काकूंनी त्यांच्या लिप्यंतराच्या अकरा वह्या माझ्या हाती सोपवल्या आहेत. त्यांत न लागलेल्या शब्दाची जागा सरांनी मोकळी सोडली असून समासात पेन्सिलीने तारीख घातली आहे. काही ठिकाणी एकाच शब्दासमोर तीन-तीन तारखा आहेत, म्हणजे त्या शब्दाकडे ते पुन्हा पुन्हा वळत होते. वर्षश्राद्धापूर्वी या वह्या छापाव्यात अशी आम्हां विद्यार्थ्यांची इच्छा आहे. त्या जागा आम्ही भरू शकलो, तर भराव्यात का?

उत्तर १
कृपया भरू नका. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत, शब्दांत अंतर सोडत नसत आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत, त्यामुळे मनात आलेला शब्द कागदावर दिसू लागायला वेळ लागत नाही. मी एकदा एका गावाचे नाव असेच ठोकून दिले होते. सर रागावले नाहीत. त्यांनी माझी वही ओढून घेतली, त्या नावावर काट मारली आणि पुढे तेवढीच जागा मोकळी सोडली. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

उत्तर २
सहमत आहे, मात्र जिथे निव्वळ कालगणनेचा प्रश्न आहे तिथे तळटीप द्यावी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ (अरबी संख्याशब्द : एक, साठ, शंभर आणि हजार) म्हणजे शुहूर सन, ही जुन्या मराठी कागदपत्रांतली कालगणना, 1161. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढे 600 मिळवायचे. येते 1760-61, पानिपतचे वर्ष. हे सरांनीच फळ्यावर आमच्याकडून दहा-दहा वेळा करून घेतले होते. टीपेखाली आपली नावे असावीत, सरांच्या मजकुराला हात लावू नये. रुग्णालयात मी त्यांना एका पत्राची छायाप्रत दाखवली होती. भिंग धरून त्यांनी चार ओळी वाचल्या, पाचवीत थांबले आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. जागा मोकळ्याच राहतील आणि पेन्सिलीच्या तारखाही छापू. काही कागदांचे दफ्तर क्रमांक सरांनी नोंदवले आहेत; ते एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारातले आहेत. मुळाशी ताडून पाहण्यासाठी मी तिथे अर्ज करतो. येत्या रविवारी काकूंनी सर्वांना घरी बोलावले आहे, वेळ नेहमीचीच. सरांचे भिंग त्यांनी टेबलावरच ठेवले आहे.