डोंगरातलं घर नेमकं कशावर चालतं?

'डोंगरातली कुटुंबं शेतीवर जगतात, पीक सुधारलं की उत्पन्न वाढेल' हे मत मला अपुरं वाटतं. उतारावरची तुकड्या-तुकड्यांची जमीन बहुतेक घरांना वर्षभराचं धान्यही पुरवत नाही. रोख पैसा बाहेरून येतो. उत्तराखंडच्या पहाडी भागाला 'मनीऑर्डर अर्थव्यवस्था' म्हणतात ते उगीच नाही. नेपाळमध्ये तर परदेशी गेलेल्यांनी पाठवलेला पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भरतो.

पण कमावता माणूस बाहेर गेला की शेत, गुरं, सरपण, पाणी सगळं मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर पडतं. 'घरात कमावतं कोण?' या प्रश्नाच्या उत्तरात मात्र तिचं नाव येत नाही. मला खरा राग याचाच येतो.

जंगलाचंही तसंच. चारा, लाकूड, कंदमुळं घरातच वापरली जातात, म्हणून हिशेबात शून्य दिसतं. मध, डिंक, औषधी मुळ्या विकल्या जातात, पण बाजार लांब असल्यामुळे भाव व्यापारी ठरवतो. (यार्सागुंबा या महागड्या औषधी बुरशीची गोष्ट वेगळी. डोल्पासारख्या नेपाळी जिल्ह्यांत मे-जूनच्या सुमारास काही आठवडे ती वेचून अनेक घरं वर्षाची बरीचशी रोकड उभी करतात.)

शेळ्या-मेंढ्या तर अडीअडचणीची ठेवच. आजारपण आलं की एक विकायची. त्यामुळे उत्पन्न मोजताना वर्षाचा एक आकडा विचारू नये. कोणत्या महिन्यात, कुणाच्या हाती, कशातून पैसा आला, हे विचारावं.