प्रतिसाद: गोमधली न झालेली कॉपी

'स्ट्रिंग (मजकूर) बदलता येत नाही, म्हणून बाइट स्लाइसची (बदलता येणाऱ्या बाइट्सच्या यादीची) स्ट्रिंग केली की कॉपी आलीच' हे गो या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल नियम म्हणून बरोबर आहे, पण कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) काही ठिकाणी ही कॉपी चक्क गाळतो. मॅपमध्ये (की, म्हणजे key, देऊन तिची किंमत मिळवायचा तक्ता) शोधताना हे रूपांतर थेट चौकटी कंसात लिहिलंत, तर तो त्याच बाइट्सवर तात्पुरती स्ट्रिंग उभी करतो, कारण ती शोधापुरतीच लागते. नुसत्या तुलनेतही तेच.

मात्र त्याच कंसात किंमत टाकायला गेलात की सवलत संपली. ती की (key) मॅपमध्ये मुक्काम करणार. उद्या बफर (ते बाइट्स ठेवलेली जागा) पुन्हा भरला तर कॉपी न केलेली की मुकाट बदलेल, म्हणून कॉपी हवीच. लॉगमधले शब्द मोजताना नेमकं इथे अडतं: प्लस-प्लस (++, आकडा एकाने वाढवणं) हेही मॅपमध्ये लिहिणंच, त्यामुळे दर शब्दाला मेमरीत नवी जागा, म्हणजे नवं अ‍ॅलोकेशन. मी मॅपमध्ये आकड्याऐवजी आकड्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवतो. आधी शोधायचं, सापडला तर पॉइंटरमधून वाढवायचं, नसेल तरच नवी की. मग कॉपी फक्त वेगळ्या शब्दांपुरती, प्रत्येकी एकदाच. दिसायला जरा गबाळं आहे खरं, पण बेंचमार्कला (वेग मोजणाऱ्या चाचणीला) बेंचमेम (-benchmem, मेमरीचा हिशोब दाखवणारा पर्याय) लावून दोन्ही तऱ्हा चालवून बघा.