जर्मनीत टोरेंटवरून आबमानुंग (कॉपीराइट उल्लंघनाबद्दलचं वकिली इशारापत्र) आलं आहे, 10 दिवसांत नेमकं काय करायचं?

आखेनकर_एमएस
नमस्कार मंडळी. आखेनमध्ये तिघांचा शेअर्ड फ्लॅट आहे, इंटरनेटचा करार माझ्या नावावर. एका वकिली फर्मचं पत्र पोस्टाने आलं आहे. त्यात चित्रपटाचं नाव, आमचा आयपी पत्ता, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि फाइलचा हॅश (फाइलची ओळख पटवणारा कोड) दिला आहे. सोबत सही करून पाठवायचं छापील हमीपत्र आणि 900 युरोंच्या वर मागणी. हमीपत्राला 10 दिवसांची मुदत आहे.

पत्रातल्या वेळा जेमतेम काही मिनिटांच्या आहेत, तेवढ्यात पूर्ण चित्रपट उतरणंही शक्य नाही. तरी दावा टिकतो का? दोघं फ्लॅटमेट आणि अधूनमधून पाहुणे हेच वायफाय वापरतात, त्याचं काय? आणि रेसिडेन्स परमिटवर याचा परिणाम होतो का? भारतात असं पत्र आलेलं कुणाच्या ऐकण्यातही नाही.

राइनकाठ
आधी एक गोष्ट: आज कशावरही सही करू नका, पैसे भरू नका आणि त्या फर्मला फोनही करू नका. घाबरून केलेल्या फोनवर ‘हो, पण फक्त एकदाच’ असं तोंडातून निघून जातं आणि ते नोंदवलं जातं.

पत्र खरं आहे का ते पाहा. पोस्टाने आलेलं, आयपी, वेळ आणि हॅश असलेलं पत्र बहुधा खरंच असतं. ईमेलने झिप फाइल जोडून येतात ती बरीचशी बनावट. वकिलाचं नाव जर्मनीच्या अधिकृत वकील नोंदवहीत ऑनलाइन तपासता येतं. पत्रातला फोन नंबर वापरू नका, नोंदवहीतला पत्ता पत्राशी जुळवा.

आता पत्रातल्या दोन मागण्या वेगळ्या करा, कारण सगळा घोळ त्या एकत्र धरल्यामुळे होतो. एक, ‘पुन्हा असं करणार नाही’ हे हमीपत्र, म्हणजे उंटरलासुंग्सएर्क्लेरुंग. दोन, पैसे. पैशांवर महिनोन् महिने बोलणी चालू शकतात. हमीपत्राची मुदत मात्र पाळायलाच हवी, कारण ती चुकली तर समोरचा न्यायालयातून तातडीचा मनाई हुकूम आणू शकतो. त्याचा खर्च पत्रातल्या रकमेच्या कितीतरी वर जातो.

छापील हमीपत्र जसंच्या तसं पाठवू नये. त्यात अनेकदा दोष कबूल केल्याचं किंवा पैसे देण्याचं बंधन आडून घातलेलं असतं, आणि दंडाची ठरावीक रक्कमही. वकील त्याऐवजी सुधारित हमीपत्र लिहून देतात: फक्त त्या चित्रपटापुरतं, ‘कायदेशीर बंधन न मानता, तरीही बंधनकारक’ अशा शब्दांत. दंडाची रक्कम आकड्यात न लिहिता ‘हक्कधारकाने वाजवी ठरवावी, वाद झाल्यास न्यायालयाने तपासावी’ असं लिहितात. याला तिकडे हांबुर्गची पद्धत म्हणतात. सही केलेली मूळ प्रत रजिस्टर्ड पोस्टाने आणि मुदतीच्या आत पोचली पाहिजे.

हे हमीपत्र आयुष्यभर गळ्यात राहतं. म्हणून ते पाठवण्याआधी घरातल्या प्रत्येक लॅपटॉपवर टोरेंट क्लायंट (टोरेंट चालवणारा प्रोग्राम) उघडून पाहा. बरेच क्लायंट संगणक सुरू होताच आपोआप चालू होतात आणि जुनी फाइल सीड करत, म्हणजे इतरांना देत बसतात. हमीपत्रानंतर तीच फाइल पुन्हा सापडली तर कराराचा दंड लागतो आणि तो हजारोंत असतो. क्लायंट पूर्ण काढून टाका, नुसती खिडकी बंद करून भागत नाही.

वकील परवडत नसेल तर तीन दारं आहेत. विद्यापीठाच्या आस्टामध्ये, म्हणजे विद्यार्थी संघात, मोफत कायदा सल्ल्याचे तास असतात. फरब्राउखरत्सेन्ट्राले, म्हणजे ग्राहक केंद्र, अशी पत्रं रोज पाहतं. आणि उत्पन्न कमी असेल तर स्थानिक आम्ट्सगेरिख्टमधून (कनिष्ठ न्यायालयातून) बेराटुंग्सहिल्फेचा, म्हणजे सरकारी कायदा सल्ला मदतीचा, दाखला मिळतो, बँकेची विवरणं आणि भाड्याचा करार दाखवून. मग वकील तुमच्याकडून फक्त 15 युरो घेऊ शकतो. कायदेविषयक विम्यावर फार भरवसा ठेवू नका, बहुतेक पॉलिसींत कॉपीराइट वगळलेला असतो.

हॅश_आणि_पीअर
मिनिटांच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

टोरेंटमध्ये ‘मी फक्त उतरवलं’ असं काही नसतं. फाइल लहान तुकड्यांत विभागलेली असते आणि पहिला तुकडा हाती आला की तुमचा क्लायंट तो लगेच इतरांना द्यायला लागतो. हक्कधारकासाठी देखरेख करणारी कंपनी साधा पीअर (फाइलची देवाणघेवाण करणारा संगणक) बनून त्याच गर्दीत शिरते, ट्रॅकर आणि डीएचटी या पीअर शोधून देणाऱ्या यंत्रणांवरून आयपींची यादी घेते, तुमच्याकडून तुकडा मागते, त्याचा हॅश मूळ फाइलशी जुळवते आणि आयपी, पोर्ट, वेळ नोंदवते. याला काही सेकंद पुरतात. पूर्ण चित्रपट उतरला का, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, म्हणजे बीजीएचने, 6 डिसेंबर 2017 च्या निकालात सांगितलं आहे की वेगळे काढून पाहता न येणारे तुकडे दिले तरी ते सर्वांनी मिळून केलेलं उल्लंघनच ठरतं. त्यामुळे तो बचाव सोडून द्या.

आयपीवरून नाव थेट कुणाला मिळत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 101 खाली लांडगेरिख्टचा (प्रादेशिक न्यायालयाचा) आदेश घ्यावा लागतो. इंटरनेट कंपन्या ही नोंद थोडेच दिवस ठेवतात, म्हणून हक्कधारक ती पुसू नये असा आदेश आधी घेतात. पत्र येतं तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं असतं.

दोन गैरसमज इथे नेहमी दिसतात. एक, ‘अपलोड शून्यावर ठेवलं की झालं’. क्यूबिटटोरेंट या क्लायंटमध्ये 0 म्हणजे मर्यादाच नाही. दोन, ‘मी फक्त पाहत होतो’. पॉपकॉर्न टाइमसारखी अॅप पडद्यावर चित्रपट दाखवतात, पण आत टोरेंटच चालतं आणि तुमच्याकडून अपलोड होत राहतं. भारतातून नवीन आलेले बरेचजण नेमके यातच सापडतात. भारतातही 1957 च्या कायद्याचं कलम 63 आहेच, पण तिथे घरोघर पत्रं धाडायची पद्धत नाही, एवढाच फरक.

आजच राउटर उघडा. फ्रिट्झबॉक्स असेल तर जोडलेल्या उपकरणांची यादी आणि घटनांची नोंद यांचे स्क्रीनशॉट काढा. ही नोंद लवकर पुसली जाते आणि फ्लॅटमेटांच्या मुद्द्याला तीच उपयोगी पडते.

राइनकाठ
फ्लॅटमेटांचा मुद्दा. करार तुमच्या नावावर, म्हणून तुम्हीच केलं असं गृहीत धरलं जातं. हे गृहीतक मोडता येतं, पण ‘वायफाय कुणीही वापरू शकतो’ एवढ्यावर नाही. त्या वेळी प्रवेश कुणाला होता, कोण घरी होतं, तुम्ही कुणाला काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, हे ठोसपणे सांगावं लागतं. दोघांनाही लेखी विचारा, व्हॉट्सअॅपवर चालेल, तारखेसह. 12 मे 2016 च्या निकालात बीजीएचने एका बाईंना जबाबदार धरलं नाही. त्यांची ऑस्ट्रेलियाहून आलेली भाची आणि तिचा जोडीदार यांनी त्यांचं वायफाय वापरलं होतं. सज्ञान पाहुण्यांना किंवा फ्लॅटमेटांना आधीच ताकीद देण्याची गरज नाही, असं न्यायालय म्हणालं.

कुणी केलं हे कळलं असेल तर मात्र ते दडवून ठेवण्याची किंमत तुम्ही मोजाल. 30 मार्च 2017 च्या निकालात आईवडिलांना माहीत होतं की कुठल्या मुलाने केलं, त्यांनी नाव सांगितलं नाही, भरपाई त्यांच्यावरच आली. आणि तुम्ही स्वतःच केलं असेल तर गोष्ट रचू नका. न्यायालयात खरं सांगण्याचं बंधन आहे, खोटं उघडं पडलं तर फौजदारी होते. अशा वेळी रक्कम खाली आणणं आणि हप्ते मागणं हाच सरळ मार्ग.

आखेनकर_एमएस
खूप आभार. आस्टाची वेळ उद्याची मिळाली. परमिटचं आणि ‘काहीच केलं नाही तर’ याचं कुणी सांगेल का?

पिवळा_लिफाफा
हा दिवाणी दावा आहे, पोलिसांचं प्रकरण नाही. चारित्र्याच्या दाखल्यात येत नाही आणि परमिटच्या नूतनीकरणाला नुसत्या या पत्राने बाधा येत नाही.

गप्प बसण्याचं गणित असं. वकिली खर्चाचा दावा त्या वर्षाच्या अखेरीपासून 3 वर्षांनी बाद होतो, पण नुकसानभरपाईचा 10 वर्षं जिवंत राहू शकतो. मनाई हुकुमाच्या दाव्याचं मूल्य (वकिलाची फी त्यावरून ठरते) खासगी व्यक्तीसाठी 2013 पासून 1000 युरोंवर रोखलं आहे, म्हणून वकिलाचा वाटा तुलनेने लहान असतो. उरलेली रक्कम भरपाईची, आणि घासाघीस तिथेच होते.

खरा धोका पुढे पिवळ्या लिफाफ्यातून येतो. तो मानबेशाइड, न्यायालयाची वसुलीची नोटीस. पोस्टमन लिफाफ्यावर तारीख लिहितो, त्या तारखेपासून 2 आठवडे. लिफाफा फेकू नका. आत हरकतीचा फॉर्म असतो: ‘संपूर्ण दाव्याला हरकत’ यावर खूण, सही, परत पाठवा. कारण लिहावं लागत नाही. ही मुदत गेली की वसुलीचा आदेश निघू शकतो, आणि त्यावर दावा खरा की खोटा हे न पाहताच बँक खातं गोठवता येतं. त्या आदेशाला हरकत घ्यायला आणखी 2 आठवडे मिळतात, तेही गेले की तो कायम होतो.

घर बदलणार असाल तर नव्या पत्त्याची आनमेल्डुंग (सरकारी नोंदणी) लगेच करा, जुन्या टपालपेटीवरून नाव काढा आणि टपाल नव्या पत्त्यावर वळवा. जुन्या पेटीत तुमचं नाव राहिलं तर लिफाफा तिथेच टाकला जातो, आणि तो तुम्हाला मिळालाच नाही हे नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं.