अर्थवार्ताहर ते बाजारभाष्यकार: मदत हवी आहे

मंडळी,

सहा वर्षं वर्तमानपत्राचं अर्थपान सांभाळतेय. आता एका वृत्तवाहिनीने बोलावलंय. आधी बाजाराच्या बातम्या द्यायच्या, जमलं तर वर्षभराने भाष्याचा स्वतःचा कार्यक्रम.

परवा चाचणी झाली. समोर टेलिप्रॉम्प्टर, कानात निर्मात्याचा आवाज, तेवढ्यात हातात ताजा कागद आला: व्याजदरात ५० बेसिस पॉइंटची वाढ. म्हणजे अर्धा टक्का. मी 'पन्नास टक्क्यांनी वाढ' बोलून गेले. पेपरात ही चूक उपसंपादकाच्या टेबलावरच अडली असती. तेव्हापासून मनात धाकधूक आहे, त्यात माझी पदवी साहित्याची.

थोडा धीर आला तो लुई रुकायझर यांच्याबद्दल वाचून. अमेरिकेत १९७० ते २००२ त्यांनी 'वॉल स्ट्रीट वीक' हा शेअर बाजारावरचा टीव्ही कार्यक्रम चालवला. त्याआधी ते वर्तमानपत्राचे राजकीय आणि परदेशी वार्ताहर होते. आकडे सामान्य माणसाच्या भाषेत सांगणं हीच त्यांची खरी ताकद, असं मला वाटतं.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. ती एका उदाहरणातून सांगते. अमेरिकी पत्रकार मारिया बार्टिरोमो १९९३ मध्ये सीएनबीसी या अर्थवाहिनीत आल्या, त्याआधी सीएनएनमध्ये पडद्यामागे होत्या. १९९५ पासून न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या गजबजलेल्या फ्लोअरवरून थेट वार्तांकन करणाऱ्या त्या पहिल्या पत्रकार. एप्रिल २००६ मध्ये एका मेजवानीत फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्की त्यांना म्हणाले, की बाजाराने माझ्या बोलण्याचा चुकीचा अर्थ लावला. सोमवारी बार्टिरोमोंनी ते वाहिनीवर सांगितलं आणि शेअर घसरले. पुढे बर्नान्कींनी सिनेट समितीपुढे त्यांच्याशी तसं बोलणं ही आपली चूक होती, असं कबूल केलं. माझ्या मते बातमी देणं बरोबरच होतं. पण बातमी देणाऱ्या पत्रकारानेच लगेच 'आता काय करावं' यावर बोलायला बसलं, तर ऐकणारा दोन्ही एकाच वजनाने घेतो. कुणाची आयुष्याची पुंजी त्यावर हलते.

या क्षेत्रातल्या लोकांनी कृपया सांगावं: थेट प्रक्षेपणात बातमी कुठे संपली आणि माझं मत कुठे सुरू झालं, हे प्रेक्षकाला कळेल असं कसं बोलता? स्वतःच्या गुंतवणुकीचं काय करता, विकून टाकता की पडद्यावर जाहीर करता? आणि वार्ताहर म्हणून किती वर्षं काढल्यावर भाष्य करावं? वाहिनी वर्ष म्हणते, मला ते फार कमी वाटतं.

शुक्रवारी होकार कळवायचाय.