जुनी डिझेल पिकअप गरम झाली की परत सुरूच होत नाही

सत्तरीकर: 2003 ची डिझेल पिकअप आहे, रोटरी पंपवाली (इंजिनला दाबाने डिझेल पुरवणारा पंप). सकाळी थंड असताना अर्ध्या सेल्फला सुरू होते पण भाजी आणायला बेळगावला जाताना चोर्ला घाट चढून वर चहाला थांबलो की मेली, सेल्फ मारत राहा काही नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं किंवा चार जणांनी ढकलली की सुरू. चालताना काही त्रास नाही, वेगपण बरा घेते. मेस्त्री म्हणतो सेल्फ बदल. बदलू काय?

पेडण्याचा: थांबा, आधी बॅटरी आणि अर्थिंग बघा. आमच्या किनाऱ्याकडे खाऱ्या हवेने इंजिनची अर्थिंगची पट्टी आतून हिरवी पडते, वरून चांगली दिसते. गरम असताना सेल्फ मारून बॅटरीवर मीटर लावा, 9.6 व्होल्टच्या खाली गेलं तर भानगड तिथे.

सत्तरीकर: आज गरम असतानाच बघितलं, 10.4 दाखवतं. सेल्फ सकाळसारखाच जोरात फिरतो आणि सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही.

फोंडा डिझेलवाला: मग सेल्फला हात लावू नका बाब, पैसे फुकट जातील. सेल्फ नीट फिरतो आणि धूर नाही म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत डिझेलच पोचत नाही. ढकलून सुरू होते म्हणून सेल्फ खराब असं सगळे धरतात, पण ढकलल्यावर इंजिन सेल्फपेक्षा जोरात फिरतं, त्यामुळे झिजलेला पंपसुद्धा प्रेशर बनवतो. गरम डिझेल पातळ होतं, हेड-रोटर, म्हणजे पंपाच्या आतला प्रेशर बनवणारा भाग, झिजला असेल तर सेल्फच्या स्पीडला ते आतल्या आतच सुटतं.

पुढच्या वेळी बंद पडली की तिथेच दोन गोष्टी करा. चावी ऑन-ऑफ करून पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (चावीबरोबर डिझेल चालू-बंद करणारा विजेचा भाग) टक आवाज येतो का ऐका, नाही आला तर बॅटरीवरून त्याला सरळ वायर द्या, सुरू झाली तर तो किंवा त्याची वायरिंग, स्वस्तात सुटलात. आवाज येत असेल तर ओलं फडकं पंपावर गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. इंजिन चालू असताना थंड पाणी ओतायचं नाही, पंप जाम होऊ शकतो. फडक्याने सुरू झाली तर बहुतेक पंपच. आणि कोणी ईथरचा स्प्रे मारायला सांगितला तर ऐकू नका, हीटर प्लगवाल्या (थंडीत सुरू व्हायला आत तापणारा प्लग असलेल्या) इंजिनात तो धोक्याचा.

पेडण्याचा: हे बरोबर, मी सेल्फच्याच मागे होतो. पंप उतरवण्याआधी डिझेल फिल्टर बदला आणि डिझेलच्या पाइपात कुठे हवा शिरते का तेपण बघा.

फोंडा डिझेलवाला: हो, आणि पंप दुरुस्तीला दिलाच तर टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) सेल्फच्या स्पीडला किती डिझेल देतो ते समोर उभं राहून बघा, डिझेल गरम करून. थंड डिझेलवर झिजलेला पंपही पास होतो.